पिंजऱ्यात उंदीर येत नाही: आमिष बदलण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घराला लागून भाताची खोली आहे, कणगी आणि पोती मिळून दहा-बारा क्विंटल भात आहे. दिवाळीनंतर उंदीर वाढले. बाजारातून तारेचा पिंजरा आणला, कांदाभजी लावली आणि पहिल्याच रात्री एक छोटा उंदीर सापडला. पुढचे पंधरा दिवस काहीच नाही. कधी आमिष जसंच्या तसं असतं, कधी आमिष गायब आणि दार उघडं. हमखास चालेल असं आमिष कोणतं आणि सरळ विषच टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. घरात दोन लहान मुलं आणि एक मांजर आहे.

मी चोवीस वर्षं कोकणात आणि घाटावर हेच काम करतोय. भातगिरण्या, रेशनची गोदामं, पोल्ट्री, कौलारू घरं, सगळीकडे. हमखास चालणारं आमिष मला अजून सापडलेलं नाही, कारण ते जागेवर ठरतं. एका खोलीत ज्यानं एका रात्रीत सात उंदीर दिले, त्याला शेजारच्या खोलीत कुणी तोंड लावलं नाही, असं मी पाहिलंय. म्हणून आमिषाचं नाव सांगण्याआधी तुमच्या खोलीत काय चाललंय ते समजून घेऊ.

तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. आमिष जसंच्या तसं राहतं, याचा अर्थ उंदीर पिंजऱ्याजवळ फिरकलाच नाही किंवा येऊन, वास घेऊन परत गेला. आमिष गायब आणि दार उघडं, याचा अर्थ कुणीतरी आत जाऊन खाऊन सुखरूप बाहेर आलं. दुसऱ्या वेळी आमिषात काहीच खोट नाही, खोट पिंजऱ्यात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत घडताहेत त्याअर्थी तुमच्याकडे बहुतेक दोन जातींचे पाहुणे आहेत.

तेव्हा आधी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक, 3 ते 6 मिलिमीटरच्या, टोकदार आणि इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर तो छोटा घरउंदीर. साधारण 12 मिलिमीटर लांब, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर तो वाशांवरून, कौलांखालून फिरणारा मोठा घरउंदीर. त्याहून बऱ्याच मोठ्या, 20 मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या लेंड्या आणि भिंतीच्या पायथ्याशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर घूस आहे असं समजा. ताजी लेंडी काळी, चकचकीत आणि काडीनं दाबली तर मऊ लागते. जुनी राखाडी होते आणि दाबली की भुगा होतो. हाताने उचलू नका, काडीच वापरा.

आणखी एक प्राणी इथे लोकांना फसवतो. चिचुंद्री. लांब नाकाची, बारीक डोळ्यांची, उग्र वासाची, भिंतीला चिकटून चिकचिक करत पळणारी. ती उंदीर नाहीच. ती किडे, झुरळं खाते, तुमच्या भाताचं तिला काही पडलेलं नाही. सुकट लावलेल्या पिंजऱ्यात पहिल्यांदा तीच येऊन बसते. सापडली तर घरापासून थोडं लांब बांधावर सोडून द्या. ती असली तर झुरळं कमी राहतात.

लेंड्यांवरून जात कळली तरी वाट कळत नाही. त्यासाठी चुलीतली चाळलेली राख घ्या. राख नसेल तर खडूची पूड चालेल. रात्री झोपताना भिंतीच्या कडेनं, दाराच्या उंबऱ्याशी, कणगीभोवती आणि पोत्यांच्या फटींसमोर वीतभर रुंदीचा पातळ पट्टा पसरा. सकाळी विजेरी जमिनीलगत आडवी धरून बघा. उजेड तिरपा पडला की पावलं स्पष्ट उठतात, पुढची चार बोटांची, मागची पाच बोटांची आणि मधून शेपटीची रेघ. कुठे पावलं गर्दीनं आहेत, कुठे एकटदुकट, कुठे नुसती शेपटीची रेघ वळून परत गेली आहे, हे सगळं त्या राखेत लिहिलेलं असतं. दोन रात्री हे केलं तर खोलीचा नकाशा हातात येतो. रोजच्या वाटेवर भिंतीला अंगाचा काळपट, तेलकट डाग पडतो, तोही बघा. वाशांवर, आढ्याशी, विजेच्या वायरी जिथून आत येतात तिथे हा डाग दिसला तर तुमचा मोठा घरउंदीर वरून येतोय. मग जमिनीवर ठेवलेला पिंजरा त्याच्या वाटेतच नाही.

आता तो पिंजऱ्यापाशी येऊन परत का जातो ते सांगतो, कारण मला वाटतं तुमच्या पंधरा दिवसांचं उत्तर इथे आहे. छोटा घरउंदीर चौकस असतो. नवी वस्तू दिसली की त्याच रात्री हुंगायला जातो. तुम्हाला पहिल्या रात्री सापडला तो हाच. मोठा घरउंदीर नेमका उलटा. ओळखीच्या वाटेवर काही नवं दिसलं की तो कित्येक दिवस त्याला बगल देतो, मग ती वस्तू पिंजरा असो, नवी बादली असो किंवा नुसता सरकवलेला पाट असो.

हे मला समजलं ते एका गिरणीत. मी कामाला नवा होतो आणि मामाच्या हाताखाली होतो. आम्ही विजेरीच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद बांधून पोत्यांच्या थप्पीवर बसलो होतो. लाल उजेड उंदराला जवळजवळ दिसत नाही. साडेअकराच्या सुमाराला एक मोठा नर भिंतीकडेनं आला आणि पिंजऱ्यापासून दोन हातांवर थबकला. मग त्याचे मागचे पाय तिथेच राहिले आणि अंग पुढे लांबत गेलं, अगदी जमिनीला पोट टेकवून, मिशा सारख्या हलताहेत. मिशीचं टोक तारेला लागलं मात्र, तो रबरासारखा मागे खेचला गेला आणि पोत्यांत गडप झाला. वीस मिनिटांनी परत आला आणि परत तेच. तिसऱ्या खेपेला दारातल्या भाजलेल्या खोबऱ्याचे दोन कण उचलून पळाला. आत गेला नाही. मामानं पिंजऱ्याचं दार तारेनं उघडं बांधून ठेवलं होतं, ते तसंच ठेवलं. पाचव्या रात्री तोच नर, डाव्या कानाला चीर होती म्हणून ओळखला, सरळ आत गेला, खाऊन आतच वळला आणि घरातून निघावं तसा बाहेर आला. सहाव्या रात्री मामानं तार सोडली आणि त्या एका रात्रीत आठ पिंजऱ्यांत सहा उंदीर आले.

तेव्हापासून माझी पद्धत तीच आहे. चार-पाच रात्री पिंजरा लावायचाच नाही. दार बांधून उघडं ठेवायचं, स्प्रिंगचा लाकडी चाप असेल तर तो न ओढता नुसता ठेवायचा आणि रोज संध्याकाळी त्यात खाणं टाकायचं. पहिल्या रात्री दारात, दुसऱ्या रात्री थोडं आत, मग हुकाशेजारी. खाणं रोज नाहीसं व्हायला लागलं की मग सगळे पिंजरे एकाच रात्री लावायचे. लोकांना हे चार दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. पण पहिल्या रात्री घाईनं लावलेल्या पिंजऱ्याचं दार समोर धाडकन पडताना ज्या उंदरानं पाहिलं, तो पुढे कितीतरी आठवडे पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. तुमच्याकडे तसं घडलं असण्याची शक्यता मला दाट वाटते. पिंजरा एका ठिकाणी पंधरा दिवस रिकामा दिसतोय तर त्याची जागा बदला आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

एक पिंजरा पुरणार नाही. तुमच्या एवढ्या खोलीला निदान सहा हवेत, आठ असतील तर चांगलं. चांगली पकड पहिल्या दोन रात्रींतच होते, नंतर उरलेले शहाणे होतात. विकत नको असतील तर वाडीतून आठवड्यापुरते गोळा करा, प्रत्येक घरी माळ्यावर एक पडलेला असतो.

ठेवायचे कसे? भिंतीला टेकवून. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, मिशा आणि एक कूस भिंतीला लावून पळतो. खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा म्हणजे त्याच्या दृष्टीनं भर माळावरचा. तारेचा लांबट पिंजरा भिंतीला समांतर ठेवायचा, तोंड त्याच्या येण्याच्या दिशेला. लाकडी चाप मात्र भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, म्हणजे दोन्हीकडून येणारा त्यावरून जातो. वरच्या उंदरासाठी चाप वाशावर सुतळीनं घट्ट बांधा, नाहीतर पडून खाली कुणाच्या अंगावर येईल. छोटा घरउंदीर आपल्या बिळापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा तीन ते दहा मीटरच्या आतच फिरतो, म्हणून त्याच्यासाठी पिंजरे दोन-दोन मीटरवर हवेत. मोठ्यासाठी पाच-सहा मीटरचं अंतर चालतं.

आता आमिष.

माझा नियम एवढाच की उंदराला त्या जागी जे मिळत नाही ते द्यायचं. तो दहा क्विंटल भातात राहतोय. चपातीचा तुकडा, तांदूळ, पाव, भजीचं बेसन, हे सगळं त्याच्या ताटात आधीच असलेलं पिठूळ खाणं. त्यासाठी तो जीव धोक्यात का घालेल? भाताच्या खोलीत त्याला कमी पडतं ते स्निग्ध, वासाचं आणि ओलं. म्हणून तुमच्याकडे माझी पहिली पसंती सुक्या खोबऱ्याला. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा विस्तवावर धरायचा, कडा तांबूस होऊन तेल सुटलं की काढायचा. कच्च्या खोबऱ्यापेक्षा या वासावर तो लांबून येतो. दुसरी पसंती भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाला. गुळाच्या खड्यात मळून, बोराएवढी गोळी करून हुकावर चिकटवायची. गूळ चिवट असतो, त्यामुळे त्याला ओढावं लागतं. तिसरी सुकटीला किंवा बोंबलाच्या तुकड्याला. घूस असेल तर मी बोंबीलच आधी लावतो. पण मांजर आणि चिचुंद्री दोघंही बोंबलावर येतात, तेव्हा तुमच्या घरी तो शेवटी.

किराणा दुकानात हाच हिशेब उलटा होतो. तिथे तेल, शेंगदाणे, खोबरं सगळं भरपूर, पण पाणी नाही. तिथे मी काकडीची किंवा टोमॅटोची फोड लावतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर तिच्यासमोर बाकी सगळं फिकं पडतं. मोठा उंदीर पाण्याशिवाय फार दिवस काढू शकत नाही. छोटा घरउंदीर काढतो, कारण त्याला दाण्यातल्या ओलाव्यावर भागवता येतं. म्हणून छोट्यांसाठी काकडी लावून फारसं हाती लागत नाही. पोल्ट्रीत खाद्यच इतकं चविष्ट असतं की खाण्याच्या कुठल्याच आमिषावर मला भरवसा नाही. तिथे मी कापसाचा बोळा किंवा सुतळीचे धागे हुकाला गुंडाळतो. पिल्लांसाठी घरटं करणारी मादी कापूस ओढायला येते. तीन आठवड्यांत व्यायची आणि एका वेळी पाच-आठ पिल्लं, तेव्हा एक मादी धरली तर दहा नर धरल्यापेक्षा फरक पडतो.

आमिष किती? कमीच. मोठा उंदीर रात्रीत वीस-पंचवीस ग्रॅम खातो, छोटा जेमतेम तीन ग्रॅम, तेही वीस-तीस ठिकाणी थोडं थोडं कुरतडून. पिंजऱ्यात मूठभर ठेवलं तर तो दारातच पोट भरून जातो. आणि मुंग्या. कोकणात आमिषाचा पहिला शत्रू मुंगी आहे. रात्री नऊला लावलेली गुळाची गोळी अकरा वाजता काळी झालेली असते आणि मग उंदीर तिला तोंड लावत नाही. मुंग्यांची पावडर पिंजऱ्याभोवती टाकू नका, तिच्या वासानं उंदीरही येत नाही. गूळ सोडून भाजलेल्या खोबऱ्यावर या आणि रोज ताजा तुकडा लावा. पावसाळ्यात तर कालचं आमिष आज बुरसलेलं असतं, ते चालत नाही.

"माणसाच्या हाताचा वास लागला की उंदीर येत नाही" हे तुम्ही ऐकलं असेल. जंगलातल्या प्राण्याचं मी सांगत नाही, पण जो उंदीर तुमच्या उशाखालून फिरतो त्याला तुमच्या वासाची सवय आहे. एक उंदीर पकडला गेला की त्याच्या वासानं बाकीचे येत नाहीत, हेही मला खरं वाटत नाही. ज्या पिंजऱ्यात आधी उंदीर सापडलाय तो माझ्याकडे नव्या पिंजऱ्यापेक्षा जास्त चालतो. फिनाइलनं धुतलेला पिंजरा मात्र कोरा राहतो. हातमोजे घालाच, पण ते तुमच्यासाठी. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती, सिंधुदुर्गातल्या भातखाचरांतही माणसं यानं दगावली आहेत. पायाला, हाताला चीर असताना रिकाम्या हाताने पिंजरा धरू नका. वापरलेला पिंजरा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, मग साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात दिवसभर ठेवा. उन्हाइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आमिष गायब आणि दार उघडं, याकडे येतो. तुमचा पिंजरा मोठ्या उंदरासाठी बनवलेला आहे आणि आमिष चोरणारा पंधरा-वीस ग्रॅमचा छोटा आहे. त्याच्या ओढीनं हूक सुटत नाही. पेन्सिलीच्या टोकानं हूक हलकेच ढकलून बघा. दार लगेच पडलं नाही तर हुकाची पकड कानसीनं थोडी घासा, गंजलेल्या बिजागरीला खोबरेल तेलाचा थेंब द्या. मशीनचं तेल नको. आणि आमिष नुसतं टोचू नका, शिवणाच्या दोऱ्यानं हुकाला दोन-तीन वेढे देऊन बांधा. नुसतं उचलून नेता येता कामा नये, ओढावं लागलं पाहिजे. पिंजऱ्याच्या तारांमधलं अंतरही मोजा. ते बोटभर असेल तर छोटा त्यातून सरळ निघून जातो. त्याला 6 मिलिमीटरची फट पुरते. छोट्यांसाठी लहान चाप बरे, ते स्वस्तही पडतात. पण मुलं असलेल्या घरात ते उघड्यावर ठेवायचे नाहीत. लाकडी फळी भिंतीला तिरपी टेकवून तिच्या मागे ठेवा. उंदराला आडोसा मिळतो, मुलांच्या आणि मांजराच्या पंजाला तो लागत नाही.

सापडलेल्या जिवंत उंदराचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सकाळी ते समोर येणारच. पुढच्या वाडीत नेऊन सोडू नका. तो तिथल्या कुणाच्या तरी भातात शिरतो. पिंजरा पाण्यात बुडवून मारणं मला कधीच जमलं नाही, तो फार वेळ तडफडतो. म्हणूनच मारायचं असेल तर चांगल्या, कडक स्प्रिंगचा चाप पिंजऱ्यापेक्षा मला बरा वाटतो. मान सापडली की क्षणात संपतं. चिकट पुठ्ठे तर घरात आणूच नका. उंदीर त्यावर दिवसभर ओरडत, स्वतःचा पाय कुरतडत राहतो, शिवाय पाल, चिमणी, कधी मांजराचं पिल्लूही अडकतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानंही त्याविरुद्ध सूचना काढल्या आहेत. कित्येक घरांत गणपतीच्या दिवसांत उंदीर मारायला नको म्हणतात. मी त्यांच्या मनाविरुद्ध जात नाही. ते दहा दिवस भोकं बुजवायला चांगले असतात.

विषाबद्दल आता स्पष्टच सांगतो. तुमच्या घरात नको.

बाजारात मिळणारी काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाईडची असते. पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो आणि तिच्यावर उतारा नाही. शेतातल्या बिळांसाठी ती भरडलेल्या धान्यात वापरतात, 96 भाग धान्य, 2 भाग गोडं तेल, 2 भाग औषध, आणि त्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य खायला घालतात. हे आधीचं खाणं मी एकदा घाईत टाळलं होतं. एका गोदामात पहिल्याच रात्री विषारी भरडा ठेवला. काही मेले. बाकीच्यांनी थोडंसं खाल्लं, आजारी पडले, वाचले आणि त्यानंतर भरडा म्हणून जे काही असेल त्याला चार महिने शिवले नाहीत, बिनविषारीलाही नाही. मालकाचं त्या हंगामातलं नुकसान माझ्या घाईमुळे झालं, आणि पुढची दोन वर्षं ते गोदाम मी पैसे न घेता सांभाळलं.

मेणाच्या वड्या येतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या, 0.005 टक्क्यांच्या. त्यांनी रक्त गोठत नाही आणि उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो. उशिरा मरतो म्हणून त्याला वडीचा संशय येत नाही, हा फायदा. पण त्या दिवसांत तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि तुमचं मांजर त्यालाच आधी पकडेल. गव्हाणी घुबडही असे उंदीर उचलतं. एका घरी माझ्या वड्यांमुळे एक भुरी मांजरी गेली. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, नुसतं तिचं ताट उचलून ठेवलं. त्या दिवसापासून मांजर असलेल्या घरात मी वडी ठेवत नाही. शिवाय तुमचा उंदीर कौलांखाली, भिंतीच्या पोकळीत जाऊन मरेल आणि पंधरा दिवस घरात बसवणार नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, कुणी दिल्या तर परत करा. त्या सरकारी देखरेखीखाली, शिकलेल्या माणसानं वापरायच्या आहेत. भाताच्या खोलीला लागून तुमची झोपायची खोली आहे. गोळीतून निघणारा वायू भिंतीच्या फटीतून येतो आणि झोपलेल्या माणसांना जाग येत नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचंही तेच, उतारा नाही, आणि ती पावावर लावून ठेवलेली मुलाच्या हाती लागली तर पुढचं मला लिहवत नाही. कुठल्याही उंदीरनाशकाचा थोडाही संशय आला तर घरगुती उपाय न करता, पाकीट बरोबर घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात जा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-1 चा उतारा आहे, म्हणून पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दिसणं महत्त्वाचं.

मग तुमच्या घरी मी आलो असतो तर काय केलं असतं? पहिल्या दिवशी पोती भिंतीपासून दोन फूट पुढे ओढली असती आणि फूटभर उंच फळ्यांवर चढवली असती. सांडलेला दाणा झाडून काढला असता. जोपर्यंत फरशीवर मूठभर भात पडलेला आहे तोपर्यंत माझं खोबरं त्या भाताशी स्पर्धा करतंय. पाण्याची बादली झाकली असती. त्याच संध्याकाळी सहा-आठ पिंजरे न लावता जागेवर ठेवले असते, म्हणजे खोलीतले सगळे बदल उंदराला एकदमच दिसतात आणि एकदमच अंगवळणी पडतात. दोन रात्री राख. चार-पाच रात्री खोबरं. मग एका रात्री सगळे लावायचे, तीन रात्री सलग, आणि उचलून आठ दिवस विश्रांती. नंतर आमिष बदलून पुन्हा एकदा, कारण पहिल्या फेरीत जो वाचतो तो खोबऱ्याला ओळखून असतो.

आणि या सगळ्याबरोबर भोकं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापला की खाचरातले उंदीर वस्तीकडे सरकतात. तुमच्याकडे ते दिवाळीनंतर आले यात नवल नाही. तुम्ही दहा धरले आणि वाट उघडी ठेवली तर महिन्याभरात दुसरे दहा येतील. कौलांखालच्या वाशांच्या फटी, सांडपाण्याचा पाइप, दाराखालची जागा, वायरीची भोकं बघा. 6 मिलिमीटरची लोखंडी जाळी लावा, प्लास्टिकची नको, ती तो एका रात्रीत कुरतडतो. लहान भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट करा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. घूस असेल तर सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालायची आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे. पण आधी पकडा, मग बुजवा. उलटं केलं तर उंदीर आत कोंडले जातात आणि बाहेर पडायला तुमचं नवं दार कुरतडतात. शक्य असेल तर शेजारच्या दोन घरांनाही याच आठवड्यात पिंजरे लावायला सांगा.

यातलं बरंच काही तुमच्या खोलीत कोण आहे यावर ठरणार आहे, आणि ते मला इथे बसून दिसत नाही. तेव्हा आज रात्री राख पसरा. सकाळी दाराजवळच्या आणि कणगीजवळच्या पट्ट्याचे फोटो काढा, आणि लेंडीशेजारी काडेपेटीतली एक काडी ठेवून एक फोटो, म्हणजे माप कळेल. भिंतीच्या पायथ्याशी उकरलेली माती दिसते का तेही लिहा. घूस निघाली तर हे पिंजरे लहान पडतील, मोठा कसा करून घ्यायचा ते मग सांगतो.